सात बाय चार फुटांच्या बाल्कनीत पेन कातण्याची सोय कशी करावी?

शाईचा डाग, कोपरखैरणे

नमस्कार. गेल्या दिवाळीत नाशिकला एका मित्राच्या गॅरेजमध्ये, त्याच्याच लेथवर (लाकूड फिरवत कातण्याच्या यंत्रावर), मी आयुष्यातले पहिले पेन कातले. बाभळीच्या एका ओबडधोबड तुकड्यातून दोनेक तासांत लिहिता येईल अशी वस्तू हातात आली आणि तेव्हापासून हे काम घरी करता यावे असे मनाने घेतले आहे. अडचण अर्थातच जागेची आहे. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर असून त्याला सात फूट लांब आणि चार फूट रुंद अशी, सरकत्या काचा लावून बंद केलेली बाल्कनी आहे. तिच्या एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन आहे आणि वर कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या आहेत. वॉशिंग मशीन हलणार नाही, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा दिसला तर लेथही राहणार नाही, एवढे घरात आधीच ठरलेले आहे. म्हणजे माझ्या हाती भिंतीलगतची सुमारे साडेचार फूट लांबी उरते.

एका यंत्रविक्रेत्याकडे चौकशी केली तेव्हा त्याने लेथ, बँडसॉ, ड्रिल प्रेस, बेंच ग्राइंडर आणि पेनाचे भाग दाबून बसवण्याचा प्रेस अशी पाच यंत्रांची यादी हातात ठेवली. ही यादी बाल्कनीतच काय, आमच्या दिवाणखान्यातही मावणार नाही. यातले नवशिक्याला खरोखर लागते किती, लेथ निवडताना कोणती मापे पाहावीत, आणि सोसायटीत तक्रार होणार नाही अशा रीतीने आवाज व धूळ आटोक्यात कशी ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे. वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि भाद्रपदात त्यांची पंच्याहत्तरी आहे. त्यांना मी स्वतः कातलेले, आणि मुख्य म्हणजे रोज लिहिण्यासारखे, पेन द्यावे अशी इच्छा आहे.

जुना टर्नर, वर्तकनगर

विक्रेत्याने दिलेली यादी दिवसाला पन्नास पेने करणाऱ्यासाठी योग्य आहे. महिन्याला चार पेने करणाऱ्याला त्यातला लेथ पुरतो. ड्रिल प्रेस आणि जोडणीचा प्रेस या दोहोंचे काम लेथच करतो, बँडसॉचे काम दातेरी हातकरवत आणि लाकडाचा खाचेचा साचा मिळून करतात, आणि ग्राइंडरबद्दल शेवटी लिहितो. मी आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढली, पण ती सगळी लोखंडावर. लाकूड निवृत्तीनंतर हाती घेतले, तेही दीड खोल्यांच्या घरात, त्यामुळे जागेची ओढाताण मला नवी नाही.

लेथचे माप ठरवताना लोक पेनाची लांबी पाहतात आणि तिथेच फसतात. पेन कातायला दहा इंचांचे अंतरही पुरते, पण भोक पाडताना लांबीचा खरा हिशेब लागतो. हेडस्टॉकवरचा, म्हणजे लेथच्या डावीकडच्या फिरत्या बाजूवरचा, चक (तुकडा पकडणारा जबडा) सुमारे ७५ मिमी पुढे येतो, त्यात धरलेला ब्लँक, म्हणजे ज्यातून पेन कातायचे तो लाकडाचा तुकडा, ६५ मिमी बाहेर राहतो, टेलस्टॉकमधला, म्हणजे उजवीकडच्या सरकत्या बाजूतला, ड्रिल चक ८० मिमी घेतो आणि त्यातून ड्रिल बिट १०० मिमी डोकावते. ही बेरीज ३२० मिमी होते, म्हणजे बारा इंचांच्या वरच. म्हणून दोन सेंटरांमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टोकदार आधारांमध्ये, १४ ते १८ इंच अंतर असलेला, सुमारे दहा इंच व्यासाचा तुकडा फिरवू शकणारा छोटा लेथ घ्यावा. ब्लँक अखंड न भोकता आधी दोन तुकडे करून मग भोकण्याची सवय ठेवली तर यात काम व्यवस्थित भागते. दोन्ही बाजूंना नंबर दोनचा मोर्स टेपर, म्हणजे साधने बसवायचे निमुळते भोक, असलाच पाहिजे, कारण पेनाची बहुतेक साधने त्याच मापात मिळतात. स्पिंडलचे, म्हणजे चक चढतो त्या फिरत्या दांड्याचे, आटे कोणते आहेत ते मात्र विकत घेण्याआधी लिहून घ्या. एक इंच व्यास आणि इंचाला आठ आटे हे माप बऱ्याच ठिकाणी चालते, पण युरोपीय धर्तीच्या लेथवर ३३ मिमीचे आटे असतात आणि एकावरचा चक दुसऱ्यावर चढत नाही. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची, २३० व्होल्टची हवी आणि वेग मिनिटाला पाचशे फेऱ्यांपर्यंत खाली येणारा हवा, कारण भोक पाडण्याचे काम सावकाश असते. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्विच त्यावर आहे का, हेही पाहा. सोय नसेल तर बसवून घ्या.

आता जागा. अशा लेथची लांबी साधारण ३४ इंच भरते. तो भिंतीला अगदी खेटून ठेवण्याचा मोह होईल, पण हेडस्टॉकच्या डावीकडे फूटभर जागा मोकळी सोडा. टेपरमध्ये घट्ट बसलेला सेंटर बाहेर काढायला त्या बाजूने पोकळ स्पिंडलमध्ये सळई घालून ठोकावे लागते, आणि जागा नसेल तर प्रत्येक वेळी सबंध यंत्र ओढावे लागेल. चौतीस आणि बारा मिळून शेहेचाळीस होतात. आपल्याकडे चोपन्न इंच आहेत. टेबल अठरा इंच खोल केले तर उभे राहायला तीस इंच उरतात, ते पुरेत. उंची अशी ठेवा की उभे राहून हात कोपरात वाकवला असता कोपर आणि स्पिंडलचा मध्य एका रेषेत येतील. बाजारातले तयार स्टँड बहुतेकांना बुटके पडतात आणि पाठ महिनाभरात बोलू लागते.

टेबल भिंतीत ठोकू नका. भिंत शेजाऱ्याचीही असते आणि कंपने तिच्यातूनच जातात. चार पायांवर स्वतंत्र उभे राहणारे टेबल करा, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून अँगल आणून कोणत्याही फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेता येते. पायांखाली जाड रबराचे तुकडे द्या आणि खालच्या फळीवर सात-आठ पेव्हर ब्लॉक रचून ठेवा. यंत्र तीस ते पंचेचाळीस किलोचे असते, वजन वाढले की ते थरथरत नाही. बाल्कनीचा स्लॅब सुस्थितीत असेल तर एवढ्या वजनाने काही होत नाही, कारण भारतीय मानकात घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला सुमारे ३०० किलोंचा भार धरलेला असतो. पण प्लास्टर सुटून सळ्या दिसत असतील तर आधी इंजिनिअरला दाखवा आणि मग पेनाचा विचार करा.

कामाचा क्रम असा ठेवा. ब्लँक पाऊण इंच चौरस आणि पाच इंच लांब असतो. तो पेनाच्या किटमधल्या पितळी नळीपेक्षा तीन-चार मिमी जास्त लांब कापा, चकमध्ये धरा आणि टेलस्टॉकमधून भोक पाडा. दर दहा मिमीला बिट बाहेर काढून भुसा झटकला नाही तर आतले लाकूड तापते आणि तडा कातताना नव्हे, दोन महिन्यांनी दिसतो. पितळी नळी दीडशे नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्या, तिची तोंडे बटाट्याच्या चकतीत दाबून बंद करा, म्हणजे गोंद आत जात नाही, आणि दोन भागांच्या इपॉक्सीने भोकात चिकटवून रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी टोके नळीच्या काटकोनात सपाट करा. त्यासाठी लेथवरच लाकडी चकती बसवून तिला पॉलिश पेपर चिकटवला की वेगळे सँडर लागत नाही. शेवटची जोडणीही लेथवरच होते: विजेचा प्लग काढायचा, दोन्ही टेपरमध्ये लाकडी टोप्या घालायच्या आणि टेलस्टॉकचे चाक हाताने फिरवत भाग एकमेकांत दाबायचे. जोडणी करताना घाई करू नका, कारण जास्त आत गेलेला भाग धडपणे परत येत नाही.

मँड्रेलबद्दल, म्हणजे कातताना नळी बसवलेले ब्लँक ज्या सळईवर ओवतात तिच्याबद्दल, एक सूचना लक्षात ठेवली तर नवशिक्याचे निम्मे डोकेदुखीचे काम वाचेल. ती सळई जेमतेम सहा-सव्वासहा मिमी जाड असते. शेवटचे नट किंवा टेलस्टॉक जोरात आवळला की ती किंचित धनुष्यासारखी वाकते, आणि मग लाकूड एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला पातळ होते. क्लिपशी जोड नीट जुळत नाही तेव्हा लोक छिन्नीला दोष देतात. नट फक्त बोटांनी आवळावे.

ग्राइंडर आत्ता घेऊ नका. त्याच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एकाच बंद बाल्कनीत नको. कार्बाइडची बदलती पाती असलेले एक हत्यार आणि पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करण्याची अरुंद छिन्नी), एवढ्यावर सुरुवात करा. आपल्याकडे कातारी मंडळी लाकडाची खेळणी, पाळण्याचे दांडे आणि लाटणी पिढ्यान्‌पिढ्या कातत आली आहेत आणि त्यांच्याकडे हत्यारे मोजकीच असत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवर आजही फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात आणि केवड्याच्या जातीच्या पानाने चकाकी आणतात. ती युक्ती पेनावर करून पाहण्यासारखी आहे, पण पहिल्या दहा पेनांनंतर.

नेरूळची खिडकी

दादा, यंत्राविषयी काकांनी सांगितले त्यात माझी भर घालण्याची पात्रता नाही. आमच्या युटिलिटीच्या जागेत मी चार वर्षे पेने कातते आहे आणि माझे सगळे शिक्षण शेजाऱ्यांच्या तक्रारींतून झाले, म्हणून तेवढेच लिहिते.

पहिली तक्रार आवाजाची आली आणि मी लेथ बंद करून पाहिला तेव्हा कळले की लेथ बिचारा गुणगुणतो, किंचाळतो तो व्हॅक्यूम क्लीनर. निवासी भागात ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्हॅक्यूम सलग चालू ठेवला की तो बंद खोलीत ती सहज ओलांडतो, बाहेर किती जाते ते खिडकीवर ठरते. मी व्हॅक्यूम जुन्या कपाटात ठेवून, हवा जाण्यापुरती फट सोडून, आतून जुनी रजई लावली आणि फक्त पॉलिश पेपर चालवताना तो सुरू करते. दुपारी एक ते चार या वेळेत कोणाच्या घरी लहान मूल झोपलेले असते, ती वेळ टाळा. शनिवारी सकाळी दहा ते साडेबारा ही माझी वेळ ठरली आहे आणि शेजारच्या काकूंना ती माहीत असल्याने त्या आता विचारतही नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच एक पत्र देऊन, हा व्यवसाय नसून छंद आहे हे स्पष्ट करणे शहाणपणाचे.

दुसरी तक्रार धुळीची. कातताना पडतात त्या ढलप्या, त्या झाडूने निघतात. त्रास देतो तो पॉलिश पेपरचा पीठासारखा भुसा, जो एक्झॉस्ट फॅनने बाहेर फेकला की थेट खालच्या मजल्यावरच्या वाळत्या साड्यांवर बसतो. माझ्या घरी नेमके हेच झाले, आणि त्या साड्या मी हाताने धुऊन दिल्या. तेव्हापासून फॅन बंद, व्हॅक्यूमची नळी पेनाच्या अगदी पाठीमागे, आणि व्हॅक्यूमच्या आधी एक झाकणाची बादली, जिच्यात जड भुसा पडून राहतो. अॅक्रिलिक कातता येऊ लागले की पॉलिश पेपर पाण्यातच चालवा, मग धूळ उडतच नाही. तोंडावर साधा कापडी मास्क पुरत नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला लावा, कारण शिसवाच्या जातीच्या लाकडाची धूळ काहींना त्वचेवर पुरळ आणि दम्यासारखा त्रास देते, आणि तो त्रास पहिल्या दिवशी न होता सवयीने वाढत जातो. कपडे वाळण्याच्या दिवशी काम करायचेच नाही, हा सर्वांत स्वस्त उपाय.

शेवटची सूचना जराशी आगाऊपणाची वाटेल. लेथवर हातमोजे कधीही घालू नका. फिरणारे यंत्र हातमोजा धरते आणि मग बोट सोडत नाही. मी ओढणी घरात ठेवून येते, मंगळसूत्र कुडत्याच्या आत टाकते आणि केस बांधते. आपण जानवे, गळ्यातली साखळी आणि लांब बाह्या यांची काळजी घ्या. चष्मा पुरेसा नाही, तोंड झाकणारी पारदर्शक ढाल घ्या.

शाईचा डाग, कोपरखैरणे

दोघांचे मनापासून आभार. काकांच्या हिशेबाने मी आज टेप घेऊन बसलो आणि टेबलाची जागा खडूने जमिनीवर आखली. डावीकडे तेरा इंच सुटतात. आता दोन शंका उरल्या. एक, लाकूड कुठून आणावे आणि वाळलेले आहे हे कसे ओळखावे? दुसरे, बाजारात पेनाचे जे किट मिळतात त्यातला कोणता नवशिक्याने घ्यावा? बाबा रोज लिहितात, त्यामुळे रीफिल संपल्यावर ठाण्यापर्यंत शोधत फिरावे लागू नये.

चिंचेचा गाभा, ठाणे

रीफिलची शंका आधी घेतो, कारण ती शंका कुणी विचारत नाही आणि मग पेन ड्रॉवरमध्ये पडून राहते. नवशिक्यांना सर्वत्र सुचवले जाणारे ते बारीक पेन, ज्यात ७ मिमीच्या दोन पितळी नळ्या असतात आणि जे पिळून उघडते, त्याला क्रॉस कंपनीच्या पद्धतीची बारीक रीफिल लागते. ती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात सहसा नसते. पार्कर पद्धतीची रीफिल मात्र कुठेही मिळते. म्हणून शिकताना दोन-तीन बारीक पेने जरूर करावीत, कारण त्यांचे किट आणि बिट स्वस्त असतात, पण वडिलांसाठी पार्कर पद्धतीची रीफिल घेणारे एका नळीचे जाड पेन निवडावे. त्याला ७ मिमीऐवजी सुमारे १०.७ मिमीचे बिट लागते. दोनऐवजी एकच नळी असल्याने मँड्रेलची सळई कमी लांबीची पुरते आणि वाकण्याची भीती कमी. वयस्कर बोटांना जाड पेन धरायलाही सोपे जाते.

लाकडाच्या बाबतीत ठाणे-नवी मुंबईकर श्रीमंत आहेत, फक्त ते त्यांना ठाऊक नसते. इथे दररोज कुठेतरी जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत असते आणि दरवाजांच्या चौकटी, जुने पाट, मोडकी कपाटे भंगारवाल्याकडे जात असतात. साठ-सत्तर वर्षे वाळलेले सागवान याहून कुठे मिळणार? पेनाला जेमतेम पाच इंचांचा तुकडा लागतो, तोही पाऊण इंच जाडीचा. मात्र जुन्या लाकडात तुटलेले खिळे असतात, तेव्हा कापण्यापूर्वी चुंबक फिरवा. सागवानात तेल असते, त्यामुळे चिकटवण्यापूर्वी भोकाच्या आतून अॅसिटोनचा बोळा फिरवावा. सागात वाळूसारखे खनिज कण असल्याने हत्यार लवकर बोथट होते, तेही लक्षात असू द्या.

पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेची झाडे छाटली जातात, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांना विनंती करून छोट्या फांद्या मिळतात. चिंचेचा गाभा गडद जांभळट तपकिरी असतो आणि तो दगडासारखा कठीण असला तरी त्याला अप्रतिम चकाकी येते. गाभा मात्र थोडाच असतो, मोठ्या खोडातच मिळतो. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा दिसतो आणि उजेडात राहून मधासारखा तपकिरी होतो, पिवळाच टिकवायचा म्हटले तर निराशा होईल. बाभूळ आणि खैर दोन्ही टिकाऊ. नारळाचे खोड आकर्षक असते, पण त्याचे धागे सुटे होतात, म्हणून कातताना त्यात सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा पातळ गोंद, मुरवावा लागतो. रक्तचंदनाचा तुकडा कुणी स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका. त्याच्या तोडीवर आणि व्यापारावर कडक निर्बंध आहेत. शिसवाची सर्व जात २०१७च्या जानेवारीपासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे शिसवाचे पेन परदेशी पाठवायचे असेल तर नियम आधी बघा. घरच्या जुन्या खुर्चीचा तुकडा घरच्यासाठी वापरायला कुणाची हरकत नाही.

वाळले आहे की नाही हे ओळखायला महागडे मीटर लागत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ब्लँकचे वजन करून त्यावर पेन्सिलीने तारीख आणि ग्रॅम लिहा, दर रविवारी पुन्हा तोला. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही तर लाकूड घरातल्या हवेशी जुळले. इथे गोम अशी की घरातली हवा वर्षभर एकसारखी नसते. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहते आणि त्या हवेत लाकूड पंधरा-सोळा टक्के ओलावा धरून बसते. तेच लाकूड एसी लावलेल्या खोलीत, जिथे आर्द्रता पन्नासच्या जवळ असते, नऊ टक्क्यांपर्यंत सुकते. लाकूड आकसते, आतली पितळी नळी आकसत नाही, आणि चिरतो तो बिचारा लाकडाचा थर. म्हणून जुलैत कातलेले पेन ऑक्टोबरात तडकते. तुम्ही ब्लँक आत्ता, मार्चमध्ये, आणून भोक पाडून ठेवा आणि वापरण्यापूर्वी महिनाभर एसीच्या खोलीत कपाटात ठेवा. भोकामुळे आतूनही वाळते.

पॉलिशसाठी सुरुवातीला चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले फ्रेंच पॉलिश लावा. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात चपडी मिळते, वास सुसह्य असतो आणि चूक झाली तर स्पिरिटने पुसता येते. दोष एवढाच की घामाने आणि ओल्या हवेत ते पांढुरके पडते. रोज वापरायच्या पेनावर शेवटी सायनोअॅक्रिलेटचे आठ-दहा पातळ थर चढवावे लागतात. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे आपल्याकडे तो पुस्तकात लिहिल्यापेक्षा फार लवकर वाळतो आणि बोट फिरवायच्या आत रेघा उमटतात. थेंब कमी घ्यावा आणि पटकन लावावा. लावायला कापूस कधीच वापरू नका: कापसाशी त्याची क्रिया होऊन तो कडकडीत तापतो आणि डोळ्यांत झोंबणारा धूर निघतो. कागदी नॅपकिनची घडी घ्या आणि खिडकी उघडी ठेवा.

रबाळेकर

बाकी सगळे मान्य आहे, पण कार्बाइडच्या हत्याराने सुरुवात करण्याचा सल्ला मला पटत नाही. कार्बाइड खरवडते, स्क्यू, म्हणजे तिरप्या धारेची छिन्नी, कापते. स्क्यूने शेवटचा हात फिरवलेल्या लाकडाला ३२० नंबरपासून पॉलिश पेपर लावला तरी चालते, तर खरवडलेल्या लाकडाला १५० पासून सुरुवात करावी लागते. म्हणजे जास्त पॉलिश पेपर, जास्त धूळ, आणि बाल्कनीत अडचण तर धुळीचीच आहे. स्क्यूला ग्राइंडरही लागत नाही. हाय स्पीड स्टीलची अर्ध्या इंचाची छिन्नी आणि डायमंडच्या दोन पट्ट्या पुरतात, दर दहा मिनिटांनी चार फटके मारावे लागतात इतकेच.

जुना टर्नर, वर्तकनगर

रबाळेकरांचे म्हणणे खरे आहे, पण स्क्यू पहिल्या आठवड्यात लाकडात घुसते, वळते आणि ब्लँकचा तुकडा उडतो. मी एकतीस वर्षे लेथवर काढूनही माझ्या पहिल्या स्क्यूने चिंचेचा तुकडा माझ्या कपाळावर आणून आदळला होता. आधी हात बसू द्या, मग स्क्यू घ्या. पाऊण इंच चौकोनाचा गोल करायला कार्बाइड वापरावा आणि स्क्यूचा सराव जळणाच्या लाकडावर करावा. असे केले तर दोघांचेही बरोबर ठरते.

शाईचा डाग, कोपरखैरणे

उशिरा लिहितो आहे, पण काम पुढे गेले आहे. टेबल झाले, लेथ आला. लिफ्टमधून नेताना वॉचमनने “हे काय पिठाची गिरणी लावताय?” असे विचारले, तेव्हा सोसायटीचे पत्र आधीच दिले होते म्हणून बरे झाले. महावितरणचे कनेक्शन जुने असल्याने इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली तर प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घेतला.

पहिली दोन बारीक पेने कामातून गेली. एक भोक पाडतानाच तळाशी चिरले, कारण बिट बाहेर पडताना मी जोर दिला. दुसऱ्याचे मधले जोडाचे ठिकाण एका बाजूला अर्धा मिमी जाड राहिले. नट बोटांनी आवळले होते, तरी फरक पडेना, म्हणून काकांनी वर लिहिलेले वाक्य पुन्हा वाचले आणि टेलस्टॉकचे चाक मी किती जोरात फिरवतो ते पाहिले. चाक सैल केले आणि तिसऱ्या पेनाचा जोड नखाला लागत नाही इतका सरळ आला. ते सागाचे आहे, आमच्याच जुन्या देव्हाऱ्याच्या तुटलेल्या दांडीचे.

बाबांच्या पेनासाठी १०.७ मिमीचे बिट नागदेवी स्ट्रीटवरून आणले आहे. चिंचेचे दोन ब्लँक भोक पाडून, तारीख लिहून, एसीच्या खोलीतल्या कपाटात ठेवले आहेत. पहिला रविवारपेक्षा आज तीन ग्रॅमनी हलका झाला आहे. दुसऱ्याचे वजन थांबल्यासारखे वाटते. दोघांपैकी आधी कोणता घ्यावा, की दोन्हींचे वजन एकाच जागी थांबेपर्यंत वाट पाहावी?

चिंचेचा गाभा, ठाणे

वाट पाहा. दोन ब्लँक वेगवेगळ्या झाडांचे असतील, त्यांची वजने सारखी येण्याची अट नाही, प्रत्येकाने स्वतःपुरते थांबावे. पहिला अजून वजन सोडतो आहे असे दिसते. दुसऱ्याला अजून दोन रविवार द्या आणि तोच आधी लेथवर घ्या.